डावीकडच्या वळणावर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागतो आणि गाडी बंद-चालू केली की विझतो. दोष नेमका कुठे शोधावा?

परळी खोरे (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल एसयूव्ही आहे. कामानिमित्त साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास आणि पुढे बामणोलीपर्यंत माझे नेहमी जाणे-येणे असते. पावसाळा संपता संपता या गाडीत एक त्रास सुरू झाला आणि तो अजून सुटलेला नाही, म्हणून येथील जाणकारांचे मत हवे आहे.

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात आणि नेहमीप्रमाणे विझतात. शहरातून बाहेर पडेपर्यंत काहीही होत नाही. घाट सुरू झाल्यावर एखाद्या डावीकडच्या वळणावर घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, त्याच्यापाठोपाठ एबीएसचाही (जोरात ब्रेक मारल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) लागतो, आणि चढावर गाडी मागे घरंगळू न देणारी सोय बंद पडल्याची सूचना येते. दिवे एकदा लागले की सरळ रस्त्यावरही तसेच राहतात. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळे विझतात. ब्रेक नेहमीसारखे लागतात आणि इंजिनाच्या ताकदीत काही फरक जाणवत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग बदलले होते, कारण ते घोंघावत होते. त्याच सुमारास पुढचे दोन्ही टायर नवे घातले. मागचे टायर जुने असले तरी त्याच मापाचे आहेत. मोबाइलला जोडता येणारा एक स्वस्त स्कॅनर मी लावून पाहिला, तर दिवा समोर लागलेला असतानाही तो ‘दोष नाही’ असेच दाखवतो. एका सर्व्हिस सेंटरने गाडी पाहून एबीएसचे संपूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगितले असून त्याचा अंदाज चाळीस हजारांच्या पुढे आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर तेथेच आहे याची खात्री कशी करावी? आणि तोपर्यंत गाडी घाटात चालवणे कितपत सुरक्षित आहे?

कुपवाड वायरिंग यांचे उत्तर

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झालेले आहे. एबीएसचे युनिट बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ते युनिट बिघडतच नाही असे नाही, परंतु बिघडलेले युनिट सहसा डावे वळण आणि उजवे वळण असा भेद करत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल ही स्वतंत्र यंत्रणा नसते. एबीएससाठी प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा जो सेन्सर बसवलेला असतो, त्याच चार सेन्सरांच्या आकड्यांवर ती चालते. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागले, म्हणजे चिखलात किंवा ओल्या चढावर जागच्या जागी फिरू लागले, की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो आणि गरज पडल्यास त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो. अशा वेळी हा दिवा लुकलुकतो, आणि ते लुकलुकणे म्हणजे यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. दिवा एकसारखा लागून राहिला तर एक तर कोणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केलेली असते, किंवा संगणकाने एखाद्या आकड्यावरचा विश्वास काढून घेतलेला असतो. बटणाने बंद केली असता बहुतेक गाड्यांत ‘ऑफ’ असे लिहिलेला दिवा दिसतो आणि एबीएसचा दिवा लागत नाही. आपल्याकडे एबीएसचाही लागतो, म्हणून संशय सरळ चाकांच्या सेन्सरांकडे जातो.

आता आपल्या स्कॅनरविषयी. असे स्वस्त स्कॅनर प्रामुख्याने इंजिनाचे आणि धुराशी संबंधित ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या बाजूचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि ते एबीएसच्या संगणकात साठवलेले असतात. त्या संगणकाशी बोलू शकणारा स्कॅनर लावला नाही, तर ‘दोष नाही’ या उत्तराला काही अर्थ राहत नाही. साताऱ्यात चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असा स्कॅनर मिळेल. कोड पुसण्यापूर्वी तो लिहून घ्यावा किंवा पडद्याचा फोटो काढावा, आणि कोडाच्या पुढचे वर्णन तर नक्कीच उतरवून घ्यावे. सर्वमान्य यादीत सी००३५ हा पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, सी००४० पुढच्या उजव्याचा, सी००४५ मागच्या डाव्याचा आणि सी००५० मागच्या उजव्याचा कोड आहे. काही कंपन्या मात्र स्वतःचे वेगळे आकडे वापरतात, म्हणून वर्णन महत्त्वाचे.

कोड कधीही ‘हा भाग खराब आहे’ असे सांगत नाही. तो फक्त त्या चाकाच्या परिपथाकडे, म्हणजे सर्किटकडे, बोट दाखवतो. त्या परिपथात सेन्सर आहे, बेअरिंगवरची चुंबकीय कडी आहे, चाकापासून बॉडीपर्यंत येणारी वायर आहे, कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) आहे आणि शेवटी युनिट आहे. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दिवा तसाच राहिला, अशा गाड्या माझ्याकडे नेहमी येतात.

आपल्या वर्णनातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे चावी फिरवल्यावर दिवा विझतो. संगणक त्या क्षणी प्रत्येक सेन्सरचा परिपथ जोडलेला आहे की तुटलेला, एवढे तपासून घेतो. वायर कायमची तुटली असती, तर दिवा विझलाच नसता. म्हणजे गाडी उभी असताना आणि चाके सरळ असताना परिपथ शाबूत आहे. पुढे काहीतरी घडते आणि तो बिघडतो. ते ‘काहीतरी’ दोन प्रकारचे असू शकते.

पहिला प्रकार म्हणजे चाक फिरतानाच दिसणारा दोष. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत दात्यांच्या लोखंडी कडीऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय कडी बसवलेली असते. तिच्यावर उत्तर-दक्षिण असे ध्रुव आलटून-पालटून असतात आणि सेन्सर ते मोजतो. बेअरिंग उलटे बसवले तर ती कडी सेन्सरच्या समोर येतच नाही. बसवण्यापूर्वी साधी टाचणी बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लावून पाहिली, तर ज्या बाजूला ती हलकेच चिकटते ती बाजू सेन्सरकडे हवी, एवढी ही तपासणी सोपी आहे. परंतु उलटे बसलेले बेअरिंग असते, तर पहिल्या काही मीटरांतच दिवा लागला असता. आपली गाडी घाटापर्यंत निर्दोष जाते, म्हणून ही शक्यता मी जवळजवळ सोडून देतो. बेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल, किंवा सेन्सर त्याच्या भोकात पूर्ण बसला नसेल, तर मात्र वळणावर भार आल्यावर सेन्सर आणि कडी यांमधले अंतर बदलते. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

दुसरा प्रकार वायरचा. बेअरिंग बदलताना सेन्सर काढावा लागतो, किंवा किमान त्याची वायर शॉकअपवरच्या क्लिपांतून मोकळी करावी लागते. ती परत त्याच क्लिपांत अडकवली नाही, तर स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर वायर ताणली जाते. वरचे आवरण तसेच राहते आणि आतली तांब्याची तार तुटते. चाक सरळ केले की तुटलेली टोके पुन्हा एकमेकांना टेकतात.

या दोहोंत फरक करण्यासाठी गाडी चालवण्याचीही गरज नाही. सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा आणि दिवे विझल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून थोडा वेळ तसेच धरा. मग पूर्ण उजवीकडे. चाक फिरतच नसताना दिवा लागला, तर बेअरिंग आणि कडी दोन्ही निर्दोष आहेत आणि वायर दोषी आहे. लागला नाही, तर चालत्या गाडीत लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे चारही चाकांचे वेग, पाहावा लागेल.

मिरज जंक्शन यांचे उत्तर

वरील विवेचन पटते, तथापि इतर काही कारणे तपासल्याशिवाय चाक उघडू नये असे मला वाटते. प्रश्नात नव्या टायरांचा उल्लेख आहे. टायर बदलल्यावर अलाइनमेंट केले जाते, आणि त्यात स्टिअरिंगचा मध्य थोडा सरकला, तर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांचा मेळ बसत नाही. मग सरळ जाताना स्टिअरिंग किंचित तिरके दिसते आणि वळणावर ट्रॅक्शनचा दिवा लागतो. अशा वेळी स्कॅनरने तो कोन शून्यावर आणून द्यावा लागतो. त्याशिवाय ब्रेकच्या पेडलवरचा स्विच खराब झाला तरी हीच यंत्रणा रुसते. मागचे ब्रेकचे दिवे लागतात की नाही, हे भिंतीजवळ गाडी उभी करून पाहता येते.

बॅटरीही मोजावी. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. व्होल्टेज फार खाली गेले, तर दोष कोठेही नसताना हे दिवे लागतात.

पुढचे टायर नवे आणि मागचे जुने, या फरकाला मी फारसे महत्त्व देणार नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मागची ३ मिलिमीटरपर्यंत झिजली आहे असे धरले, तरी त्रिज्येत ५ मिलिमीटरचा, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो, आणि तेवढा फरक यंत्रणा सहज सांभाळून घेते. माप वेगळे असते तर गोष्ट निराळी होती.

कुपवाड वायरिंग

स्टिअरिंगच्या कोनाचा मुद्दा रास्त आहे. मात्र त्या दोषात सहसा ट्रॅक्शन आणि स्थिरतेचा दिवा लागतो, एबीएसचा लागत नाही, कारण एबीएसला तो कोन लागत नाही. येथे दोन्ही लागतात, म्हणून मी चाकापासून सुरुवात केली. बॅटरी मोजायला हरकत नाही. त्याला खर्चही नाही.

गाडी चालवण्याविषयीचा प्रश्न राहून गेला. केवळ पिवळे दिवे लागले असतील, तर पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने लागणारे साधे ब्रेक शाबूत असतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यास चाके लॉक होऊ शकतात, कारण एबीएस मध्ये पडणार नाही. म्हणून अंतर जास्त ठेवावे, आणि घाट उतरताना पेडलवर विसंबण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये राहावे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांतून पडलेला चिखल आणि पाचट रस्त्यावर असतेच. पिवळ्यांच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर मात्र गाडी तेथेच थांबवून आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. पातळी योग्य असूनही लाल दिवा राहत असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडीची सोयही गेलेली असते, आणि मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. त्या स्थितीत घाटात जाऊ नये.

हरिपूर रस्ता (सांगली) यांचे उत्तर

प्रश्नकर्त्यांची गाडी साताऱ्याकडची आहे, तरी सांगलीकडे जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हेच दिवे पुढे पुष्कळ दिवसांनी लागू लागल्याचे मी पाहिले आहे. तेथे चाकाच्या सेन्सरपेक्षा पायाखालच्या गालिच्याखालून जाणाऱ्या वायरिंगचे कपलर आधी उघडावेत. पिना हिरव्या पडलेल्या दिसतात, आणि काही वेळा पिवळसर गाळ आतच सुकून बसलेला असतो. फवाऱ्याने साफ केल्यावर दिवा काही काळ जातो. पिन खाल्ली गेली असेल तर ती बदलण्यावाचून इलाज नाही.

तसेच ‘बॅटरीचे टर्मिनल रात्रभर काढून ठेवा, दिवा जाईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये. दिवा गेलाच तर दोष जात नाही, पुरावा मात्र जाऊ शकतो, आणि काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोन नव्याने शिकवण्याचे काम मागे लागते.

परळी खोरे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुपवाडकरांनी सांगितलेली चाचणी घरासमोरच करून पाहिली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरल्यावर लगेच काही झाले नाही, परंतु तसेच धरून ठेवल्यावर दोन्ही दिवे लागले. उजवीकडे कितीही वेळ धरले तरी लागले नाहीत. बॅटरी १२.५ आणि इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट आहे. ब्रेकचे दिवे व्यवस्थित लागतात.

त्यानंतर येथील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कोड वाचून घेतला. सी००४०, आणि वर्णनात पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा परिपथ खंडित झाल्याचा उल्लेख आहे. गाडी घोडीवर घेऊन चाक काढले तेव्हा असे दिसले, की शॉकअपवरच्या कंसात वायरची रबरी बुशी बसलेलीच नव्हती. ती खाली लोंबकळत होती आणि वायर आतल्या बाजूच्या आवरणाच्या पत्र्यावर घासून तेथे चकचकीत झाली होती. वरून कोठेही कापलेली दिसत नाही, पण बोटांनी दाबत गेल्यावर एका ठिकाणी ती आजूबाजूपेक्षा मऊ लागते आणि सहज दुमडते.

आता इलेक्ट्रिशियन म्हणतात, की तेवढा भाग कापून नवी वायर जोडू, झाळून वर टेप गुंडाळू. सेन्सर चांगला असताना तो टाकून देणे त्यांना पटत नाही. आपले मत काय?

कुपवाड वायरिंग

जी जागा मऊ लागते, तेथेच आतली तार तुटली आहे. निदान पूर्ण झाले. तरीही मल्टीमीटरने पडताळायचे असल्यास एक सावधगिरी बाळगावी. जुन्या पद्धतीचा, नुसत्या गुंडाळीचा सेन्सर असेल तर त्याचा रोध मोजता येतो आणि तो साधारण एक किलोओहमच्या आसपास मिळतो. आपल्या गाडीत बहुधा नव्या पद्धतीचा, आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला सेन्सर आहे. तो ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांच्या प्रवाहातून चाकाचा वेग कळवतो. त्याचा रोध मोजून काही निष्पन्न होत नाही, उलट मीटरमुळे त्याला इजा होण्याची शक्यता असते. त्याऐवजी कपलर जोडलेला ठेवून मागून सुई लावावी आणि चावी ऑन करून पुरवठ्याच्या वायरवर बॅटरीइतके व्होल्टेज येते का ते पाहावे.

झाळकामाविषयी माझे मत स्पष्ट आहे. बॉडीच्या आतल्या, न हलणाऱ्या भागात वायर तुटली असती, तर व्यवस्थित झाळून त्यावर आकसणारी नळी चढवलेला जोड मी स्वतः दिला असता. येथे तुटलेला भाग चाकाबरोबर वर-खाली होतो आणि स्टिअरिंगबरोबर वळतो. झाळलेली तार ताठ होते, आणि जेथे ती ताठ संपून लवचिक सुरू होते, नेमक्या त्याच ठिकाणी काही महिन्यांत पुन्हा तुटते. शिवाय टेपच्या आत पाणी राहते. या भागासाठी वायर आणि सेन्सर एकत्र ओतलेलेच मिळतात, म्हणून तो संच बदलणे योग्य. एबीएस युनिटच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. घेताना गाडीचा चॅसिस क्रमांक देऊनच घ्यावा, कारण एकाच मॉडेलमध्येही कपलर आणि वायरची लांबी बदललेली असते.

जुना सेन्सर काढताना तो भोकात गंजून अडकलेला असू शकतो. पेचकसाने उचकटू नये आणि हातोडीने तर मुळीच मारू नये. गंज सोडवणारे तेल सोडून थांबावे आणि थोडा थोडा फिरवत बाहेर घ्यावा. भोकाच्या कडेचा आणि त्याखालच्या बैठकीचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा. तेथे गंजाचा पापुद्रा राहिला, तर नवा सेन्सर वर उचलला जातो आणि कडीपासूनचे अंतर वाढते. काम करताना भोकात फडके कोंबून ठेवावे, म्हणजे गंजाची भुकटी चुंबकीय कडीवर जाऊन चिकटणार नाही. सेन्सरचा बोल्ट लहान असतो, त्याला चाकाच्या नटासारखा जोर लावू नये.

वायर बसवताना आधी तिच्या सगळ्या बुश्या आपापल्या कंसांत अडकवाव्यात आणि मगच कपलर जोडावा. नंतर चाक लावण्यापूर्वी कोणाला तरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगून वायर कोठे ताणली जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. माझ्या मते सगळ्या कामात हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

मिरज जंक्शन

कोड पुसल्यानंतरही दिवा जागेवर विझला नाही तर घाबरू नये. काही गाड्यांत चारही चाकांचे आकडे जुळतात याची खात्री होईपर्यंत संगणक दिवा चालू ठेवतो, आणि थोडे अंतर सरळ रस्त्यावर चालवल्यावरच तो जातो.

परळी खोरे

नवा सेन्सर बसवून घेतला. जुना सेन्सर बराच गंजला होता आणि बैठकीवर खरोखरच गंजाचा थर होता, तो साफ केला. आपण म्हणता तसा दिवा जागेवर विझला नाही. मोळाचा ओढा ओलांडून पुढे गेल्यावर विझला. त्यानंतर यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलो आणि स्टिअरिंगची उभ्या गाडीतली चाचणीही पुन्हा केली. दिवा लागला नाही. लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात, मागच्या चाकांचे आकडे किंचित जास्त आहेत. तो टायरांच्या झिजेचा फरक असावा असे समजतो.

जुनी वायर कुतूहलापोटी घरी चिरून पाहिली. बोटाला मऊ लागणाऱ्या जागी एक तार पूर्ण तुटून टोके काळी पडली होती, दुसरीचे मोजकेच धागे शिल्लक होते.

कुपवाड वायरिंग

झिजलेल्या टायरचा घेर लहान असल्याने ते चाक थोडे जास्त फिरते, म्हणून आकडे जास्त दिसतात. आपला अंदाज बरोबर आहे. पुढच्या वेळी त्या चाकाचे ब्रेक पॅड किंवा शॉकअप यांचे काम निघाले, तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी त्या बुश्या जागेवर आहेत का, हे स्टिअरिंग वळवून चाकाच्या आतून एकदा पाहून घ्यावे. डावीकडच्या चाकाचीही याच वेळी पाहिली असती तर बरे. राहिली असल्यास चाक काढण्याची गरज नाही, टॉर्चच्या उजेडात दिसते.